स्पायडरमॅन: पानावरचा प्रसंग पडद्यावर नेमका कसा येतो?

शाईदौत

स्पायडरमॅनचा विषय निघाला की बोलणं 'टोबी बरा, अँड्र्यू बरा की टॉम' इथं येऊन थांबतं. या धाग्यात नटांची तुलना नको. पानावर एखादा प्रसंग कशाच्या जोरावर उभा राहतो आणि पडद्यावर तेच काम कशाकडून करून घेतलं, एवढंच पाहू या. लिहिताना अंक क्रमांक, साल, सिनेमातली जागा शक्य तितकी नेमकी द्या.

माझं मत आधीच सांगतो. चौकट हुबेहूब उतरवली की ओळख पटल्याचा आनंद मिळतो, पण प्रसंग उभा राहतोच असं नाही. ती चौकट पानावर काय काम करत होती हे ज्यांनी ओळखलं आणि त्या कामासाठी आवाज, वेळ, हालचाल यातलं काहीतरी शोधून काढलं, त्यांचा स्पायडरमॅन टिकला.

सगळ्यात सोपं उदाहरण त्याच्या स्पायडर-सेन्सचं, म्हणजे संकटाच्या चाहुलीचं. स्पायडरमॅनचा पहिला चित्रकार स्टीव्ह डिट्को यानं ती डोक्याभोवतीच्या नागमोडी रेघांनी दाखवली. कागदावर या रेघांना वेळ लागत नाही. धोका, त्याची चाहूल आणि उडीसाठी ताणलेलं अंग हे तिन्ही एकाच चौकटीत बसतं, आणि वाचणारा तिथं हवा तितका रेंगाळू शकतो. सिनेमात हे तिन्ही एकामागून एक दाखवावं लागतं आणि तेवढ्यात ठोसा लागून गेलेला असतो.

२००२ च्या सिनेमात दिग्दर्शक सॅम रेमीनं वेळच ताणली. शाळेच्या व्हरांड्यात वर्गातल्या दांडगट फ्लॅशचा ठोसा येण्याआधी उडणारी माशी, कागदाचं विमान असं सगळं संथ होतं आणि पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा मुलगा, ते सावकाश पाहतो. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये बसमध्ये बसलेल्या पीटरच्या हातावरचे केस उभे राहतात, बस्स. मला सगळ्यात पटलेला उपाय २०२१ च्या 'नो वे होम'मधला आहे. पीटरच्या ओळखीच्या हॅपीच्या घरात सगळे निवांत असताना आवाज दबत जातो, पीटर एकेका चेहऱ्याकडे पाहत जातो आणि नॉर्मनपाशी, म्हणजे ज्याच्यात गॉब्लिन हा खलनायक दडलाय त्याच्यापाशी, थांबतो. तिथं काहीच हलत नाही, तरी धोका खोलीतच आहे हे कळतं. डिट्कोच्या रेघा हेच करायच्या: बाकीच्या जगाला जे अजून दिसलेलं नाही ते एकट्या पीटरला कळलंय, हे वाचकाच्या कानात सांगायच्या.

जुना अंक

चांगला धागा. मी अंक ३३ बद्दल लिहितो, कारण त्याची नक्कल सगळ्यात जास्त वेळा झाली आहे.

'अमेझिंग स्पायडरमॅन' अंक ३१ ते ३३ ही सलग कथा. ३३ व्या अंकावर फेब्रुवारी १९६६ ही तारीख आहे. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात पीटर अवजड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, आणि मे काकूचं औषध समोरच पण हात पोचणार नाही अशा अंतरावर पडलंय. डिट्को या एका उचलण्यावर पाच पानं खर्च करतो. सुरुवातीच्या चौकटी अरुंद, त्यात पीटर कोपऱ्यात दबलेला. पुढं चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि पाचव्या पानावर एकच पूर्ण पानभर चित्र येतं, त्यात यंत्र डोक्याच्या वर गेलेलं असतं. वजन दाखवलंय ते चौकटीच्या आकारानं. पीटर यंत्र उचलतो तेव्हा जणू चौकटीची भिंतही ढकलतो.

२०१७ च्या 'होमकमिंग'मध्ये व्हल्चर हा खलनायक खांब पाडून इमारत त्याच्या अंगावर आणतो. चित्रणाची मांडणी डिट्कोचीच आहे, शिवाय डबक्यातल्या प्रतिबिंबात अर्धा चेहरा आणि अर्धा मुखवटा ही डिट्कोची आवडती खूण तिथं वापरली आहे. पण सिनेमाच्या चौकटीचा आकार तर बदलत नाही. मग तिथं काम केलंय आवाजानं. आधी पीटर मदतीसाठी हाका मारतो, रडतो. कोणी येत नाही. मग तो स्वतःलाच 'स्पायडरमॅन' म्हणून हाक मारू लागतो. भेदरलेल्या शाळकरी पोराचा तो आवाज फार चांगला पकडलाय.

माझी तक्रार कारणाबद्दल आहे. अंकात तो उचलतो ते बेन काकांच्या वेळी आपण कमी पडलो, आता काकूच्या वेळी पडायचं नाही, म्हणून. समोर औषधाचा डबा दिसतोय. सिनेमात समोर काहीच ठेवलेलं नाही, फक्त 'सूट नसताना तू कोण' हा प्रश्न आहे. तोही वाईट प्रश्न नाही, पण त्यामुळं हा प्रसंग दुसऱ्याला वाचवण्याचा न राहता स्वतःला सिद्ध करण्याचा झाला.

सावकाश_वाचक

जुना अंक, चौकटींच्या आकाराबद्दल अगदी सहमत. त्याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट. हे सगळं दिसायचं असेल तर वाचण्याची पद्धत तपासा.

ॲपवर वाचताना एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते. अंक ३३ साठी ती बंद करा. प्रत्येक चौकट स्क्रीनभर मोठी झाली की अरुंद आणि पानभर यातला फरकच मरतो, आणि डिट्कोनं पाच पानं खर्चून केलेलं काम शून्य होतं. निदान १० इंची टॅबलेट उभा धरून पूर्ण पान बघा. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक चित्र असेल तेव्हाच आडवा करा. फोनवर पूर्ण पान वाचता येत नाही, कारण आजच्या अमेरिकन अंकाचं पान साधारण ६.६ गुणिले १०.२५ इंच असतं आणि अक्षर त्या मापाला बेतलेलं असतं.

मूळ चित्र त्याहून बरंच मोठं असतं. १९६७ च्या सुमारापर्यंत चित्रकार छापील पानाच्या जवळपास दुप्पट मापावर काढत. मग ११ गुणिले १७ इंचाचा कागद रूढ झाला. कागद लहान झाल्यावर बारीक गर्दी काढणं जड जाऊ लागलं, चौकटी कमी आणि आकृत्या मोठ्या होऊ लागल्या. डिट्को अंक ३८ नंतर बाहेर पडला, जॉन रोमिटा ३९ पासून आला. दोघांच्या पानांतला फरक बघताना हाताचा फरक पहिला धरावाच, पण थोडं पुढचे अंक चाळताना कागदाचं मापही लक्षात ठेवावं.

दुसरं, रंग. त्या काळी निळा, किरमिजी आणि पिवळा यांच्या प्रत्येकी चार पायऱ्या असत: काहीच नाही, २५ टक्के, ५० टक्के, पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे ६४ छटा, वर काळी रेघ. हे रंग पिवळट, शाई पिणाऱ्या स्वस्त कागदासाठी निवडलेले होते. ठिपका कागदात पसरायचा आणि रंग मवाळ व्हायचा. तेच आकडे पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर छापले की रंग अंगावर येतात. संग्रह घेताना एखादं आतलं पान बघूनच घ्या, ज्या आवृत्तीत कागद मॅट आहे तिथं १९६० च्या दशकातली पानं जास्त खरी दिसतात.

आणखी एक. जुन्या अंकांत मध्ये जाहिराती असायच्या, त्यामुळं कुठलं पान डावीकडं आणि कुठलं उजवीकडं येणार हे ठरलेलं होतं. संग्रहात जाहिराती काढल्या की पानं सरकतात, आणि पान उलटल्यावर दिसायचं ते चित्र कधीकधी आधीच समोर येतं. ॲपवर तर डावं-उजवं राहतच नाही. सिनेमातल्या 'कट'चं काम पान उलटण्यानं होतं, त्यामुळं हा मोठा तोटा आहे.

भौतिकवाला

पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूशिवाय हा धागा पुरा होणार नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

अंक १२१, जून १९७३. लेखन गेरी कॉनवे, चित्रं गिल केन, शाई जॉन रोमिटा. मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन म्हटलाय, चित्रातले मनोरे ब्रुकलिन पुलासारखे आहेत. गॉब्लिन तिला खाली ढकलतो, पीटर जाळं टाकतो, जाळं तिचे पाय धरतं आणि त्याच चौकटीत मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय: 'स्नॅप'. अंक १२५ च्या पत्रव्यवहाराच्या पानावर संपादकीय उत्तर आलं की अचानक थांबल्याच्या झटक्यानं तिचा जीव गेला.

हिशेब करून पाहा. उंची ८० मीटर धरू, हवेचा अडथळा सोडून देऊ. खाली येईपर्यंत चार सेकंद लागतात आणि वेग ४० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास होतो, म्हणजे ताशी १४० किलोमीटरच्या वर. आता थांबवायचं आहे:

०.१ सेकंदात थांबवलं तर गुरुत्वाच्या ४० पट झटका, जाळं फक्त २ मीटर ताणलं जाईल.
०.५ सेकंदात थांबवलं तर सुमारे ८ पट, जाळं १० मीटर ताणायला हवं.
२ सेकंदांत थांबवलं तर साधारण २ पट, पण ४० मीटर जागा लागेल.

म्हणजे नुसतं जाळं बळकट असून भागत नाही, ते ताणलं जायला हवं आणि खाली तेवढी मोकळी जागा हवी. त्यातून पाय धरले तर धड थांबतं आणि डोकं पुढं जात राहतं. सगळा भार मानेवर.

पडद्यावर याचं काय झालं ते बघा. २००२ च्या सिनेमात गॉब्लिन मेरी जेनला आणि मुलांनी भरलेल्या केबल कारला क्वीन्सबरो पुलावरून सोडतो, आणि दोन्ही वाचतात. अंक १२१ चा पूल घेतला, मृत्यू टाळला. गॉब्लिनचा स्वतःच्याच ग्लायडरनं झालेला शेवट मात्र अंक १२२ मधला जसाच्या तसा आहे.

२०१४ मध्ये दिग्दर्शक मार्क वेबनं मृत्यू घेतला. पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा, आणि घड्याळ १ वाजून २१ मिनिटांवर थांबतं. जाळ्याचं टोक हातासारखं पसरतं आणि तिला धडाला धरतं, पण तोवर जमीन आलेली असते, डोकं फरशीवर आपटतं. इथं माझा आक्षेप आहे. अंकात मारणारी गोष्ट म्हणजे पीटरचं जाळं. वाचवण्याची कृतीच घात करते, आणि ते त्याला कळत नाही, वाचकाला कळतं. सिनेमात तो फक्त उशिरा पोचला. उशीर कुणालाही होतो. दृश्य सुंदर आहे, पण अंकातली सगळ्यात निर्दय गोष्ट तिथं नाही.

'नो वे होम'मध्ये मात्र हिशेब बरोबर बसतो. या सिनेमात तिन्ही नटांचे पीटर एकत्र येतात. टॉमच्या पीटरची मैत्रीण एमजे मचाणावरून पडते तेव्हा अँड्र्यूचा, म्हणजे २०१४ मधलाच पीटर जाळं टाकत बसत नाही, तिच्यामागे स्वतः उडी घेतो. आधी तिच्या वेगाशी आपला वेग जुळवतो, तिला अंगाशी धरतो आणि मग थांबतो. धरताना दोघांच्या वेगात फरक नाही, त्यामुळं झटका नाही. त्या पीटरनं ग्वेनच्या मृत्यूवर किती रात्री विचार केला असेल ते एका शब्दाविना कळतं.

उलटी चौकट

भौतिकवाला, तुमच्या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत नाही. 'स्नॅप' हे अक्षर पानावर चालतं कारण ते शांत असतं. वाचक ते चुकवूही शकतो, पुन्हा मागं जाऊन शोधतो. सिनेमात तोच आवाज ऐकवला तर तो चुकवता येत नाही, हाड मोडल्याचा आवाज थिएटरभर घुमतो, आणि प्रसंग भयपटाकडं झुकतो. वेबनं जाळं आणि फरशी जवळजवळ एकाच क्षणी ठेवली, म्हणजे कशामुळं गेली हा संशय थोडा तरी शिल्लक ठेवला. पानावरची संदिग्धता अक्षराच्या बारीकपणात होती, इथं ती वेळेत आणली. शाईदौत यांनी वर जे म्हटलंय त्याचंच हे उदाहरण मी मानते.

आता मुखवट्याबद्दल. स्पायडरमॅनचा पूर्ण चेहरा झाकलेला असतो. कॉमिक्समध्ये ही अडचणच नाही, कारण चित्रकार डोळ्यांचे पांढरे आकार हवे तसे बारीक-मोठे करतो आणि डोक्यावर विचारांचा फुगा असतो. मारामारी चालू असतानाही पीटर आतून सतत बोलत असतो. पडद्यावर कडक काचेचे डोळे आणि फुगा नाही, म्हणजे नट पूर्ण बंद होतो.

२००२ मधला गच्चीवरचा प्रसंग आठवा. गॉब्लिन स्पायडरमॅनला भागीदारी देऊ करतो. एकाचा चेहरा कापडात, दुसऱ्याचा कडक शिरस्त्राणात. दोघांचे फक्त हातवारे आणि मानेच्या हालचाली. संवाद चांगला असून दृश्य लाकडी वाटतं. त्या सिनेमासाठी यंत्रावर हलणाऱ्या गॉब्लिनच्या चेहऱ्याची चाचणी झाली होती, पण वापरलं शिरस्त्राण. 'नो वे होम'नं यावर साधा उपाय केला: नॉर्मन तो मुखवटा सुरुवातीलाच फोडून टाकतो, पुढं जांभळं हुड आणि विलेम डफोचा उघडा चेहरा. अंकातला गॉब्लिनचा जांभळा रंग राहिला आणि नटही मोकळा झाला.

स्पायडरमॅनच्या बाजूनं दिग्दर्शकांनी आजवर तीन वाटा काढल्या. पहिली, मुखवटा फाडणं किंवा काढणं. २००४ ची रेल्वे आठवा, प्रवासी त्याला डोक्यावरून उचलून आत घेतात तेव्हा त्याचा चेहरा उघडा असतो. ती फार हलवून सोडते, पण दर सिनेमात केली तर गुपितच राहत नाही. दुसरी, २०१६ पासूनच्या सूटमधल्या हलणाऱ्या झडपा. कथेत त्याला कारणही दिलंय, की संवेदना इतक्या वाढल्यात की नजर एकाग्र करायला त्या लागतात. डिट्को-रोमिटाचे हलते डोळे असे परत आले. तिसरी वाट म्हणजे बोलायला कुणीतरी देणं, मित्र नेड किंवा सूटमधला आवाज. ही मला सगळ्यात कमकुवत वाटते. विचारांच्या फुग्यात पीटर स्वतःशी खोटं बोलतो, स्वतःला फसवतो, चिडतो. दुसऱ्या कुणाशी बोलताना माणूस तसा बोलत नाही.

कोळीष्टक

जाळ्याचा विषय निघालाच आहे तर मनगटातलं जाळं की यंत्रातलं, हाही मांडून टाकू.

अंकातलं यंत्र असं: मनगटावर पट्टा, त्यात दाबाखाली द्रवाच्या नळ्या, तळहातात कळ. मधली दोन बोटं दुमडून कळ दाबायची, तीही लागोपाठ दोनदा, म्हणजे मूठ वळताना चुकून जाळं सुटत नाही. हाताची ती प्रसिद्ध मुद्रा यातूनच आली. तोटी बदलून बारीक दोर, जाड दोर, फवारा असे प्रकार निघतात. जाळं साधारण तासाभरात विरघळतं. जादा नळ्या कमरेच्या पट्ट्यात.

या रचनेचा कथेला होणारा उपयोग म्हणजे द्रव संपतो. ऐन वेळी नळी रिकामी निघणं हे कितीतरी अंकांत घडतं, आणि पीटरला डोकं चालवावं लागतं. शिवाय पैशाची चणचण असलेल्या पोरानं घरी बसून हे बनवलंय, यात त्याची हुशारी दिसते. २००२ मध्ये जाळं थेट मनगटातून काढलं, ती कल्पना जेम्स कॅमेरॉनच्या न बनलेल्या सिनेमाच्या मसुद्यातली. त्यामुळं संपण्याचा धोका गेला. पण रेमीनं २००४ मध्ये त्याची भरपाई केली: पीटर मनानं खचला की जाळंच येईनासं होतं आणि तो उंचावरून खाली आदळतो. तांत्रिक अडचणीच्या जागी मनाची अडचण. मला यंत्र जास्त आवडतं, तरी हा बदल विचार करून केलेला होता हे मान्यच करावं लागेल. त्याचा परिणाम उलटाही झाला, २००४ मध्ये कॉमिक्समध्येच पीटरला मनगटातून जाळं यायला लागलं. काही वर्षांनी ते पुन्हा यंत्रावर आले आणि २०१२ पासून सिनेमाही.

२००४ च्याच सिनेमातलं कचऱ्याच्या डब्यातल्या पोशाखाचं दृश्य अंक ५० मधलं, जुलै १९६७. पाठमोरा पीटर चालत जातोय, डब्यातून पोशाख लोंबतोय. ही हुबेहूब नक्कल आहे आणि तरी काम करते, कारण त्याआधी तासभर सिनेमानं त्याला नोकरी, कॉलेज, घरभाडं सगळ्यात हरवून घेतलेलं असतं. अंकात याच कथेतून खलनायक किंगपिन आला, सिनेमानं तो वगळून ऑक्टोपस ठेवला. एकच खलनायक असल्यामुळं पीटरच्या थकव्याला जागा मिळाली.

उलट २००७ चं बघा. काळा पोशाख अंक २५२ मध्ये, मे १९८४. तो जिवंत आहे हे अंक २५८ मध्ये कळतं. चर्चच्या घंटांनी तो सुटतो ते १९८५ मध्ये. त्याच पोशाखातून बनलेला शत्रू व्हेनम पूर्ण रूपात अंक ३०० ला, मे १९८८. चार वर्षं. वाचकाला तो पोशाख आवडायला लागला होता, म्हणून तो गमावणं आणि शत्रू म्हणून परत येणं बोचलं. सिनेमानं हे सगळं १३९ मिनिटांत बसवलं, तेही सँडमॅन आणि हॅरी या आणखी दोन विरोधकांच्या शेजारी. पोशाख अंगावर येतो आणि जातो, त्याच्याशी नातं जुळायला वेळच नाही. घंटांचं दृश्य चित्र म्हणून उत्तम आहे. पण चार वर्षांची सवय मोडणं हे ज्या प्रसंगाचं काम, ते अर्ध्या तासात कुठून होणार?

सावकाश_वाचक

'स्पायडर-व्हर्स'चं कुणी लिहिलं नाही म्हणून.

२०१८ चा सिनेमा 'कॉमिक्ससारखा दिसतो' असं सगळे म्हणतात. कशामुळं ते लिहितो. एक, चालत्या वस्तूंना धूसरपणा नाही, प्रत्येक फ्रेम थांबवली तरी स्वच्छ दिसते. दोन, दूरची वस्तू अस्पष्ट करायच्या जागी रंगांचे थर एकमेकांपासून सरकवलेत, जुन्या छपाईत ठसे नीट जुळले नाहीत की दिसायचे तसे. तीन, सावलीत ठिपके आणि तिरप्या रेघा. चार, या सिनेमाचा नायक, नवा स्पायडरमॅन माइल्स याला कोळी चावल्यानंतर त्याचे विचार चौकटीत लिहून पडद्यावर येतात. वर उलटी चौकट यांनी म्हटलेला फुग्याचा प्रश्न इथं सरळच सोडवला.

सगळ्यात हुशारीचं काम वेगात आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. माइल्स शिकाऊ असताना त्याचं प्रत्येक चित्र दोन फ्रेम राहतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. जंगलातल्या पाठलागात शेजारी झोके घेणारा अनुभवी पीटर मात्र प्रत्येक फ्रेमला नवा. एकाच दृश्यात एक अडखळतो आणि दुसरा लोण्यासारखा सरकतो. पुढं इमारतीवरून झेप घेणाऱ्या माइल्सची हालचाल सलग होते.

हे तपासायचं असेल तर व्हीएलसीत सिनेमा थांबवून 'ई' हे बटण एकेकदा दाबा, एक फ्रेम पुढं जाते. जंगलातल्या दृश्यात माइल्स एकाआड एक दाबण्याला हलेल.

टीव्हीवर बघणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो अशी नावं असतात. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो आणि माइल्सचं अडखळणं पुसून टाकतो. इंटरनेटचा वेग कमी असेल तर ठिपक्यांचाही चिखल होतो, त्यामुळं शक्य असेल तर ब्लू-रे.

उलटी चौकट

२०२३ च्या दुसऱ्या भागात आपल्याशी थेट नातं असलेली गोष्ट आहे, भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. हा २००४ च्या 'स्पायडर-मॅन: इंडिया' या चार अंकांतला, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचा. तिथं तो मुंबईत राहतो, शक्ती त्याला एका योग्याकडून मिळते, धोतर नेसतो. कल्पना धाडसी, पण कथा पीटरच्या उगमकथेवर नावं बदलून चालते: काकांचा मृत्यू, गॉब्लिन होणाऱ्या नॉर्मन ऑस्बॉर्नच्या जागी ओबेरॉय, सगळं ठरल्या जागी. सिनेमानं पोशाखाची ठेवण ठेवली, बाकीचं सोडलं. मुंबई आणि मॅनहॅटन यांची मिळून 'मुंबॅटन' केली. तिच्या रंगरेषांसाठी इंद्रजाल कॉमिक्सकडं पाहिलं गेलं. १९६४ ते १९९० निघालेली इंद्रजाल मराठीतही होती, त्यामुळं तो जाड रेघेचा, भडक सपाट रंगांचा पोत मराठी वाचकाला लगेच ओळखू येतो. कड्याला बांधलेलं जाळं गरगर फिरवण्याची पवित्रची पद्धत पीटरहून पूर्ण वेगळी आहे, आणि त्याचं वेगळेपण योग्यापेक्षा त्या हालचालीत जास्त दिसतं.

हा सिनेमा भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती.

शाईदौत

सगळ्यांचे आभार, हवं होतं तसंच बोलणं झालं. वाचायला काय घ्यावं असं काहींनी विचारलंय. १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' १५ मधली अकरा पानांची पहिली कथा, मग ३१-३३, ३९-४०, ५०, ९०, १२१-१२२. एवढं वाचून मग सिनेमे पुन्हा बघा. पहिल्या कथेत एक नीट पाहा: सत्तेबरोबर जबाबदारी येते हे वाक्य बेन काका म्हणत नाहीत. शेवटच्या चौकटीतलं ते निवेदन आहे, पीटर अंधारात पाठमोरा चाललाय. २००२ मध्ये ते काकांच्या तोंडी गेलं, २०२१ मध्ये मे काकूच्या, मरताना. निवेदकाला पडद्यावर जागा नसते, म्हणून वाक्याला माणूस द्यावा लागला.

अंक ९० यादीत मुद्दाम घातलाय. नोव्हेंबर १९७०. ऑक्टोपसशी मारामारीत विटामातीचा ढिगारा कोसळतो, पोलीस कॅप्टन जॉर्ज स्टेसी (ग्वेनचे वडील) एका मुलाला वाचवताना त्याखाली सापडतो. मरताना तो पीटरला नावानं हाक मारतो, म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं, आणि ग्वेनला सांभाळ असं सांगतो. २०१२ च्या सिनेमात कॅप्टन स्टेसी मरताना नेमकं उलटं वचन घेतो: ग्वेनला यापासून लांब ठेव. या एका बदलानं २०१४ मधल्या ग्वेनच्या मृत्यूचा अर्थच बदलला. अंकात पीटरचा अपराध जाळ्यात आहे, सिनेमात मोडलेल्या वचनात. भौतिकवाला आणि उलटी चौकट यांचा वर जो मतभेद झाला त्याचं मूळ मला इथं दिसतं. वेबनं अपराध आधीच दुसरीकडं ठेवला होता, त्याला 'स्नॅप'ची गरज उरली नव्हती.

आणि २०२३ च्या सिनेमानं हाच प्रसंग सगळ्या विश्वांत अटळ असल्याचं सांगितलं. मुंबॅटनमध्ये इन्स्पेक्टर सिंगला माइल्स वाचवतो आणि त्यामुळं गोंधळ उडतो. पण ज्या विश्वात ग्वेनच स्पायडर-वूमन आहे तिथला कॅप्टन स्टेसी शेवटाकडं पोलिसातली नोकरीच सोडतो. कॅप्टनच नाही, तर कॅप्टनचा मृत्यू कुणाचा होणार? त्रेपन्न वर्षं आधीच्या, १९७० मधल्या ढिगाऱ्याला पडद्यानं दिलेलं हे उत्तर पानावर कुठंच नव्हतं.